संरक्षणमंत्री यशवंतराव एका वाक्यात मावत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९६५ च्या युद्धावरील एका व्याख्यानाला मी नुकताच ठाण्यात गेलो होतो. दीड तासाच्या त्या व्याख्यानात तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या वाट्याला ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ एवढे एकच वाक्य आले, याचे मनापासून वाईट वाटले. त्या सप्टेंबरात मी दहा वर्षांचा होतो. नौपाड्यातील आमच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले असत आणि वडील रेडिओचा आवाज बारीक करून बातम्या ऐकत. ‘आपले यशवंतराव आहेत तिथे,’ असे ते आईला सांगत. तो धीर कशाच्या आधारावर होता, हे मला पुष्कळ पुढे, वाचनातून कळले.

मुळात ते वाक्य १९६२ चे आहे. तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागल्यावर नोव्हेंबरात यशवंतराव दिल्लीला गेले, तेव्हा चीनकडून झालेल्या पराभवाने सैन्य खचले होते आणि सेनाधिकारी व राज्यकर्ते यांचा एकमेकांवरील विश्वास उडाला होता. २ सप्टेंबर १९६३ रोजी संसदेत केलेल्या निवेदनात त्यांनी प्रशिक्षण, शस्त्रसामग्री आणि नेतृत्व यांतील उणिवा मान्य केल्या; डोंगरी युद्धासाठी स्वतंत्र डिव्हिजन उभ्या करण्याचे काम त्यांच्याच काळात झाले. पराभवाच्या चौकशीचा अहवाल त्यांनी गोपनीय ठेवला, हे मला आजही पटत नाही. तरीही कोणा एकाला बळीचा बकरा न करता सेना पुन्हा उभी करण्यास लागणारा संयम त्यांच्यापाशी होता, हे मान्य करावेच लागते.

त्या संयमामागचा निश्चय १ सप्टेंबर १९६५ रोजी दिसला. पाकिस्तानी रणगाडे जम्मूतील छांब भागात घुसले होते आणि अखनूरचा पूल गेला असता तर पलीकडच्या आपल्या फौजांची रसद तुटली असती. लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग दुपारी त्यांच्याकडे आले. हवाई दल वापरल्यास युद्ध वाढणार, हे उघड असतानाही मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता यशवंतरावांनी काही मिनिटांत परवानगी दिली आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमाने झेपावली. पहिल्याच दिवशी आपली चार व्हॅम्पायर विमाने पाडली गेली. एवढी किंमत मोजूनही ते डगमगले नाहीत आणि ६ सप्टेंबरला लाहोर आघाडी उघडली गेली. पंतप्रधान शास्त्रीजींच्या धैर्याचे आपण योग्य ते कौतुक करतो. त्यांच्या शेजारी बसून त्या संध्याकाळचे ओझे उचलणाऱ्या माणसाला मात्र विसरतो.

हा कणखरपणा दिल्लीत आलेला नव्हता. देवराष्ट्रे गावात १९१३ साली जन्मलेल्या या मुलाचे वडील लवकर गेले आणि आई विठाबाईंनी कष्टाने मुलांना वाढवले. विशीच्या आतच त्याने स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला. १९४२ मध्ये लग्नानंतर थोड्याच दिवसांत यशवंतराव भूमिगत झाले आणि त्यापायी वेणूताईंनाही अटक सोसावी लागली.

ठाण्यातील व्याख्यानमालांच्या संयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी दरवर्षी १ सप्टेंबरला एक संपूर्ण व्याख्यान संरक्षणमंत्री यशवंतरावांवर ठेवावे आणि त्यासाठी शाळा-महाविद्यालयांतील मुलांना आवर्जून बोलवावे. त्या कामी सतरंज्या अंथरण्यापासून जी मदत लागेल, ती करण्यास मी तयार आहे.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ नागरिक, नौपाडा, ठाणे