नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र : घर वाघोलीत घेतलं, पाणी कुठून घ्यायचं?

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

आपण कामाच्या रगाड्यात असाल, तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डरने सोसायटीच्या हातावर कागद ठेवला : पुढच्या महिन्यापासून टँकरचं तुमचं तुम्ही बघा. बांधकाम मंजूर करून घेताना ‘नळाचं पाणी येईपर्यंत मी पुरवीन’ असं हमीपत्र यानेच दिलं होतं. आता म्हणतो, सोसायटी नोंदली, हस्तांतर झालं, विषय संपला. जाब विचारायला गेलो तर साहेब साइटवर. कुठल्या? शेजारच्या नव्या टॉवरच्या. त्याचीही मंजुरी तसल्याच हमीपत्रावर.

आम्ही काही हौसेने पुण्याच्या टोकाला, वाघोलीला आलो नाही. कर्वेनगरला भाड्याने होतो, इमारत पुनर्विकासाला गेली. तिथली भाडी झेपेनात, म्हणून घरच घेऊ म्हटलं. सिंहगड रोड पाहिला, पण जुलै 2024 मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि तिथल्या एकता नगरीत लोकांच्या घरात शिरलं. नांदेड, किरकटवाडीकडे जरा स्वस्त होतं. तिथे जानेवारी 2025 मध्ये जीबीएसची (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली आणि संशयाचं बोट पाण्याकडेच गेलं. हिंजवडीचाही विचार केला, पण तिथल्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 चं. आम्ही घर शोधत होतो तेव्हा खांब होते, गाडी नव्हती. म्हणजे एकीकडे पाणी घरात शिरतं, दुसरीकडे पाण्याने माणूस आडवा होतो आणि तिसरीकडे, म्हणजे वाघोलीत, पाणीच नाही. त्यातल्या त्यात तिसरं बरं, असं ठरवून आलो. चुकलं का काही?

जून 2021 मध्ये तुमच्या खात्याने वाघोलीसह तेवीस गावं शहरात घेतली. पुणे क्षेत्रफळात मुंबईच्या पुढे गेलं म्हणून केवढं कौतुक झालं! क्षेत्रफळ प्यायला मिळत नाही, साहेब.

सकाळी साडेपाचला वॉचमन मोटर लावतो, पाऊण तासात बंद. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई उठून कळश्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवते. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, सात शिट्ट्या झाल्या तरी दाणा तसाच. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारं पाणी बायको फरशीसाठी धरून ठेवते. टँकरच्या चिठ्ठीवर दहा हजार लिटर लिहिलेलं असतं. आत किती, हे तो ड्रायव्हर जाणे आणि देव जाणे. महिन्याला सोसायटीचे तीन-साडेतीन लाख यात जातात. सभेत यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. बहीण म्हणते दिवाळीला चार दिवस येते, आणि मी भाऊ असून आधी टँकरचा हिशेब करतो. लाज वाटते हो.

आता पैशांचं. घर घेताना मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रोसाठी म्हणून घेतलात. साठ लाखांवर साठ हजार! मेट्रो रामवाडीला संपते. वाघोलीच्या मार्गाला केंद्राची मंजुरी 2025 मध्ये मिळाली, साठ हजार मात्र तुम्ही रोख आधी घेतले. शुल्क महसूल खात्याचं, पाणी महापालिकेचं, धरण जलसंपदाचं, असं सांगाल. ठाऊक आहे. घ्यायच्या वेळी सरकार एक असतं, द्यायच्या वेळी त्याची सतरा खाती होतात. नगरसेवकाला धरावं तर मार्च 2022 पासून जानेवारी 2026 पर्यंत तुम्ही महापालिकेची निवडणूकच होऊ दिली नाही. जवळजवळ चार वर्षं प्रशासक! तेवढ्यात टॉवर किती उठले ते मोजा. हजार? दोन हजार? आमच्या गच्चीवरूनच क्रेनची रांग दिसते. लोकशाही थांबली तरी चालते, बांधकाम परवानगी थांबून चालत नाही, असा तुम्हा सगळ्यांचा पक्षभेद विसरून एकमताचा ठराव दिसतो.

मागणं फार नाही. जिथे जलवाहिनी पोचलेली नाही तिथे हमीपत्रावर नवी परवानगी देऊ नका. ज्यांनी हमी मोडली त्यांच्या पुढच्या प्रकल्पांचं भोगवटा पत्र (राहायला जाण्याची परवानगी) अडवा, मग पहा टँकर कसे वेळेवर येतात. आणि मेट्रो दारात येईपर्यंत माझे साठ हजार परत करा, तेवढ्यात माझ्या वाट्याचं वर्षभराचं टँकरचं पाणी निघेल. अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, एवढं कळवा. रजा टाकून येतो.

आपला,
एक करदाता, वाघोली