वडगावच्या तालमीत बेस गिटार वाजवून गेलेल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

गणपतीचा कार्यक्रम तोंडावर आणि आमचा बेसवाला अंथरुणावर, अशा वेळी तुम्ही खानापूरहून भर पावसात बेस घेऊन आलात. त्याबद्दल तोंडी आभार मानून झालेत. हे पत्र तुमच्या बेसच्या टोनसाठी.

मी ड्रमवर बसतो, त्यामुळे बेसचं बरंवाईट आधी माझ्या पायाला कळतं. आमच्यात ॲक्टिव्ह बेस वाजतो. आत ९ व्होल्टची बॅटरी, बेस-ट्रेबल हवं तेवढं वाढवायची सोय, आवाज चकचकीत. तो वाईट नाही, पण दर स्वराचा खटका किकच्या (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) डोक्यावर बसतो. तुमच्या जुन्या पी-बेसला, म्हणजे पॅसिव्ह प्रिसिजन बेसला, बॅटरीच नाही! तारांचा कंप पकडणारं पिकअप, म्हणजे चुंबकं आणि तांब्याच्या तारेची वेटोळी, एक व्हॉल्यूम, एक टोन आणि त्याचा कपॅसिटर. झालं.

आल्या आल्या तुम्ही आमची लांबलचक केबल बाजूला सारलीत. "लांब केबलीत पॅसिव्हचं ट्रेबल मरतंय की ओ," म्हणत पिशवीतून स्वतःची आखूड केबल काढलीत, ॲम्पच्या पॅसिव्ह सॉकेटात घातलीत आणि सगळी बटणं मध्यावर आणलीत. बेसवरचा टोन जरासा उतरवलात. बस्स. पुढचे दोन तास एकाही बटणाला हात नाही. हलक्या बोटानं वाजवलं की गोल स्वर, जोरात ओढलं की तारेची गुरगुर. कडव्याला बोटं मानेकडे सरकायची, ध्रुवपदाला पुन्हा पिकअपवर. खालच्या ई तारेचा स्वर माझ्या किकबरोबर पडला तेव्हा दोन वाद्यं वेगळी काढता येईनात.

खोलीतलं वायरिंग तुम्ही बघितलंतच. सिंगल कॉइलची (एकाच वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार लावली की गुंईं सुरू. तुमचा बेस मात्र गप्प. प्रिसिजन बेसचं पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांत असतं, दोन्हींचे वळसे आणि चुंबकं एकमेकांच्या उलट, म्हणून बाहेरची गुणगुण आतच कटते, हे तुम्ही चहा पिता पिता सांगितलंत. आमचा गिटारवाला तेव्हापासून स्वतःच्या पिकअपकडे संशयानं बघतोय.

त्याला "तुझ्या गिटारचा बेस जरा उतरव, ती जागा माझी" असं हसत सांगितलंत, तेही बरं केलंत. आमचं कुणी ऐकलं नसतं त्यानं. (कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर, आणि आम्हाला खोड प्रत्येकानं आपलाच आवाज चढवायची!) गायिका म्हणाली, पहिल्यांदाच ओरडावं लागलं नाही.

आमचा बेसवाला आता बरा आहे. रेकॉर्डिंग ऐकून त्यानं जुना पॅसिव्ह बेस शोधायला घेतलाय. एक निपाणीत बघून ठेवलाय. मान सरळ आहे का, पॉट (व्हॉल्यूम-टोनची बटणं) खरखरतात का, हे तपासायला तुम्ही बरोबर आलात तर फार बरं होईल. गाडी आमची, जेवण आमच्याकडे. तुमची केबलही माझ्याकडेच राहिलीय.

तुमचा,
ड्रमवाला