सूचना : ‘उलटी कबुली’ सत्र घेणाऱ्यांसाठी

समलिंगी आकर्षण असलेल्यांना घरी जे ऐकावं लागतं, तेच इथे उलटं करून भिन्नलिंगी आकर्षण असलेल्याला ऐकवायचं. चौघांचा एक गट, दर फेरी 7 मिनिटं. एकाने भिन्नलिंगी आकर्षण घरी ‘कबूल’ करायचं, बाकी तिघे घरचे. भूमिका चिठ्ठी उचलूनच ठरवा; खरं कोण काय आहे हे विचारायचं नाही. नाहीतर ज्याने आपण समलिंगी असल्याचं अजून कुणालाच सांगितलेलं नाही, तो इथेच उघडा पडतो.

घरच्यांच्या चिठ्ठ्या : ‘मुलीच आवडतात हे कळलं कसं? कधी मुलासोबत राहून पाहिलंस का?’ ‘वय आहे, जाईल.’ ‘आमचं काही म्हणणं नाही रे, पण लग्नाचे फोटो चारचौघांत कशाला?’ ‘आजीला एवढ्यात सांगू नकोस.’

वाक्यं काळजीच्या सुरात म्हणा. ओरडलं की नाटक होतं, लोक हसून मोकळे होतात. बोच गोड आवाजातच असते. कुणी बायकी चाल-हावभावांच्या नकला सुरू केल्या तर फेरी तिथेच थांबवा. हे हमखास होतं.

‘डॉक्टरांना दाखवू’ ही चिठ्ठी शेवटी काढा. तिच्यानंतर लगेच सांगा : जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 मध्ये काढली. चर्चेला किमान 15 मिनिटं राखून ठेवा. चिठ्ठ्या परत गोळा करा.