शाळा सुटल्यानंतरचे तास कोणाचे?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या शिक्षणाविषयी आपल्याकडची चर्चा प्रवेश, फी, माध्यम आणि निकाल यांच्यापलीकडे फारशी जात नाही. शाळा सुटल्यापासून घरातले मोठे माणूस कामावरून परतेपर्यंत मूल कुठे असते आणि काय करते, हा प्रश्न प्रत्येक कुटुंब आपापल्या परीने, बहुधा एकट्यानेच सोडवत असते. बडोद्यासारख्या शहराने तो मिळून सोडवावा, असे मला मनापासून वाटते.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. मकरपुऱ्याच्या कारखान्यात किंवा अलकापुरीतल्या कार्यालयात नोकरी करणाऱ्या आईचा दिवस जाण्यायेण्यासह सहज नऊ-दहा तासांचा होतो. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत अंगणवाडी असते, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती करणारी कायद्यातील दुरुस्तीही २०१७ साली झाली. पहिलीत गेल्यावर मात्र मूल स्वतःला सांभाळण्याइतके मोठे झाले, असे सगळेच गृहीत धरतात.

ज्यांना परवडते ते ट्यूशन लावतात, आणि सकाळी वर्गात झालेलेच संध्याकाळी पुन्हा घोटले जाते. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या घरी हे काम थोरल्या मुलीवर येऊन पडते. ती सातवीत असते. धाकट्या भावाला शाळेतून घेऊन येते, त्याला दूध तापवून देते, आई यायच्या आत कुकर लावते, आणि तिची स्वतःची वही रात्री सगळे निजल्यावर उघडते. मी अनेक वर्षे शिक्षिका होते. वर्गात पेंगणाऱ्या मुलींना जवळ बसवून विचारले की बहुतेक वेळा हेच कारण निघत असे. शाळा सुटल्यावरच्या उपक्रमांचा लाभ मुलांना होतो हे खरेच, पण तो सर्वांत आधी या मुलींना आणि त्यांच्या आयांना होईल, आणि माझ्या लेखी या मागणीचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

रावपुरा आणि दांडिया बाजारातल्या वाड्यांत पूर्वी ही सोय न मागता होत असे. चौकात खेळणाऱ्या मुलांवर कोणा ना कोणा आजीची नजर असे. मांजलपूर किंवा वाघोडिया रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या कुटुंबांकडून आता तशी अपेक्षा करता येणार नाही; ती नजर शहराला व्यवस्था म्हणूनच उभी करावी लागेल.

ती कशी असते, हे आमच्या भागातल्या एका व्यायामशाळेत रोज संध्याकाळी पाहायला मिळते. एरंडेल तेल चोळलेल्या मल्लखांबावर चढताना आठ-नऊ वर्षांचा मुलगा घसरतो, तेव्हा खाली उभी असलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी त्याच्या पाठीला हात लावून ‘घोट्यांनी धर, हाताने नको’ एवढेच सांगते. वयानुसार तुकड्या पाडलेल्या शाळेत या दोघांची कधी गाठ पडली नसती. लहानाला आपल्याहून मोठ्याचा धाक न वाटता आधार वाटतो, आणि मोठ्या मुलीवर कोणीतरी जबाबदारी टाकलेली असते. गुणपत्रिकेत या दोन्हींसाठी रकाना नाही. शरीराला होणारा लाभ तर उघडच आहे. ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मोकळ्या उजेडात वेळ घालवणाऱ्या मुलांना लघुदृष्टीचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी राहते, असे संशोधन आहे.

हा विचार बडोद्याला परका नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गायनशाळा १८८६ सालीच सुरू झाली होती, आणि १९१० पासून गावोगावी ग्रंथालये पोहोचवण्याची चळवळ उभी राहिली. स्वीडनमध्ये शाळेच्या वेळेआधी आणि नंतर मुलांना सांभाळणारी केंद्रे पुरवणे ही आज पालिकांची कायदेशीर जबाबदारी आहे. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेच्या वेळेनंतर रिकाम्या राहणाऱ्या इमारतींचा समाजासाठी उपयोग करण्याची सूचना आहे.

म्हणून महानगरपालिका आणि नगर प्राथमिक शिक्षण समिती यांना माझी विनंती आहे की येत्या जूनपासून प्रत्येक वॉर्डात निदान एक शाळा संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवावी. तिथे ट्यूशनचा वर्ग भरवू नये. गृहपाठाला तासभर आणि उरलेला वेळ मैदान, वाचन, गाणे, चित्र यांसाठी असावा. खाऊची सोय हवीच, कारण दुपारी जेवलेले मूल पाचला भुकेलेले असते. ने-आण करणाऱ्या माणसाची नोंद, स्वच्छतागृहाजवळ दिवा आणि केंद्र बंद होईपर्यंत हजर राहणारी एक पगारी बाई, या तीन गोष्टींत काटकसर झाली तर पालक मुलींना पाठवणार नाहीत. सगळे काम स्वयंसेवकांवर सोडणेही मला योग्य वाटत नाही. हौस कितीही असली तरी परीक्षेच्या आणि सणांच्या दिवसांत केंद्र बंद पडते, आणि नेमकी तेव्हाच आईची सुटी नसते. मदतीला माणसे मात्र मिळतील. आमच्या परिसरातील काही निवृत्त शिक्षक-शिक्षिका आठवड्यातून दोन संध्याकाळी द्यायला तयार आहेत, आणि समितीने बोलावल्यास आम्ही त्यांची यादी घेऊन येऊ.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
बाबाजीपुरा, बडोदे