आधी कडी, मग कमान

संपादक महोदय,

ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असे आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो. आमच्या गावात ती वहीतल्या सह्यांपुरती उरली आहे. सही घ्यायला शिपाई घरी येतो, म्हणजे सोय झाली म्हणायची! त्यामुळे विकास आराखड्यात वेशीवरची कमान पुन्हा पहिल्या क्रमांकावर आली.

बचत गटाच्या बैठकीत बायकांना विचारा, यादी पाच मिनिटांत हातात येते. टाकीकडच्या वळणावरचा दिवा बंद आहे, एसटी थांब्यावर शेड नाही, आणि शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडीच नाही. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. या कडीला दुकानात शंभराची नोटही लागणार नाही. कमानीचा खर्च मात्र लाखांत आहे.

कमानीला विरोध नाही, नंतर बांधा. पण १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा खरोखर भरवावी, तिची वेळ बायका रानातून परतल्यावरची ठेवावी आणि तिथले ठराव ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावेत.

– एक ग्रामस्थ, जि. सातारा