तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरताईंस

नौपाडा, ठाणे

आदरणीय डॉक्टरताई,

सा. न. वि. वि.

एक जिना चढून हे पत्र आपल्या हाती देणे मला अवघड नव्हते. तरीही ते असे सर्वांसमोर लिहितो आहे, कारण आमच्या घरचा प्रसंग निभावल्यानंतर ओळखीच्या दोन कुटुंबांतही एमआरआय करायला सांगणारा तसाच कागद आला आणि दोघांनीही आपण मला सांगितलेलेच प्रश्न मला विचारले. आपले नाव मात्र घातलेले नाही. ‘नाव घातलंत तर रविवारी माझ्या दारात फाइलींची रांग लागेल,’ हे आपण हसत म्हटले होते, पण ते गमतीने म्हटलेले नव्हते, हे मला कळते.

त्या शुक्रवारी संध्याकाळी माझ्या पत्नीचा सोनोग्राफीचा अहवाल हाती आला. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखते म्हणून केलेली ती साधी तपासणी. पित्ताशयात खडे आहेत, एवढेच निघेल अशी आमची अपेक्षा होती आणि खडे निघालेही. पण त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. पित्तनलिका आठ मिलिमीटर रुंद दिसते आणि यकृताच्या सातव्या भागात २.४ सेंटिमीटरची एक गाठ दिसते, कॉन्ट्रास्टसह (म्हणजे शिरेतून औषध देऊन) पोटाचा एमआरआय आणि एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचे एमआरआय चित्रण, करावे. अहवाल देणाऱ्या खिडकीतल्या गृहस्थांनी ‘लवकर करून घ्या’ एवढेच म्हटले आणि पुढचा टोकन क्रमांक पुकारला. सर्जन सोमवारपर्यंत भेटणार नव्हते. ‘गाठ’ हा शब्द घरात आला की त्या घरातली माणसे कशी बोलायची थांबतात, हे मी वेगळे सांगायला नको.

शनिवारी सायंकाळी आपण आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसलात, तेव्हा आपण धीर द्याल अशी माझी समजूत होती. तो आपण दिला नाहीत. मी थेटच विचारले होते, ‘ताई, हे कर्करोगाचं नाही ना?’ त्यावर आपण म्हणालात, ‘सर, मुलानं पेपर लिहायच्या आधी तुम्ही कधी गुण दिलेत का? पेपर कसा तपासतात ते मात्र मी तुम्हाला दाखवते.’ छत्तीस वर्षे शाळेत शिकवलेल्या माणसाला याहून चपखल उत्तर मिळाले नसते. त्या रात्री मी झोपलो, ते या उत्तरामुळे.

मग आपण लॅपटॉप उघडून, रुग्णांची नावे काढलेली आपली जुनी चित्रे दाखवलीत. पहिल्याच चित्रात मी यकृत चुकीच्या बाजूला दाखवले. आपण सांगितलेत की, पोटाचा आडवा छेद नेहमी रुग्णाच्या पायथ्याशी उभे राहून पाहिल्यासारखा मांडतात, त्यामुळे उजवीकडचे यकृत चित्रात डावीकडे दिसते आणि प्लीहा उजवीकडे. एवढे एक सूत्र हाती लागल्यावर तो काळापांढरा गोंधळ माणसाच्या पोटासारखा दिसू लागला. मागच्या बाजूला मणका, त्याच्या दोन्ही अंगांना मूत्रपिंडे, मण्याच्या पुढ्यात महाधमनीचे गोल वर्तुळ.

यंत्र चालते कसे, हे आपण मला माझ्याच पटांगणात नेऊन सांगितलेत. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी यांच्या रूपाने हायड्रोजन ठासून भरलेला असतो आणि त्याचे अणुकेंद्र हे एक इवलेसे चुंबक असते. १.५ टेस्लाचे यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट ताकद. त्या क्षेत्रात ही चुंबके कवायतीतल्या मुलांसारखी ‘सावधान’मध्ये येतात. मग यंत्र रेडिओ लहरींचा एक धक्का देऊन त्यांना आडवे करते. धक्का थांबला की दोन गोष्टी एकाच वेळी घडू लागतात. मुले पुन्हा आपल्या जागी सरळ उभी राहू लागतात आणि तोवर एका ठेक्यात पडणारी त्यांची पावले एकमेकांपासून सुटत जातात. सरळ उभे राहण्याला लागणारा वेळ तो टी-वन आणि ठेका मोडण्याला लागणारा वेळ तो टी-टू. चरबीतली मुले चटकन उभी राहतात म्हणून टी-वन चित्रात चरबी उजळ. पाण्यातली मुले ठेका फार वेळ टिकवतात म्हणून टी-टू चित्रात पाणी, पित्त आणि मूत्र पांढरेशुभ्र. शाळेत पी.टी.चा तास मीही घेत असे, पण तो एवढा पुढे उपयोगी पडेल असे कधी वाटले नव्हते.

आपण दिलेली एक युक्ती मी पुढे दोघांना दिली आहे. समोरचे चित्र कोणत्या प्रकारचे, हे कळत नसेल तर मणक्याच्या पोकळीतले पाणी पाहायचे. ते पांढरे असेल तर चित्र टी-टू आणि काळे असेल तर टी-वन. चरबीवर मात्र विसंबायचे नाही, कारण ती दोन्हींत उजळ दिसू शकते. म्हणूनच तिचा संकेत मुद्दाम दाबून वेगळी चित्रे घेतात.

याच ओघात आपण चरबी आणि पाणी या दोन तुकड्यांच्या चालीत किंचित फरक असतो, असेही सांगितलेत. १.५ टेस्लाच्या यंत्रात साधारण २.२ मिलिसेकंदांनी त्या एकमेकींच्या विरुद्ध पावलावर येतात आणि तितकाच वेळ आणखी गेला की पुन्हा एका पावलावर. विरुद्ध पावलावर असताना घेतलेल्या चित्रात यकृत काळवंडले तर त्यात चरबी साठली आहे असे समजायचे. हे सांगताना आपण माझ्या पोटाकडे एक कटाक्ष टाकलात आणि तो माझ्या पत्नीने टिपला. तेव्हापासून आमच्या घरी तेलाची बरणी वरच्या फळीवर गेली आहे.

शेजारच्या बिऱ्हाडातून ‘एमआरआयमध्ये रेडिएशन फार असतं’ असा सल्ला आधीच आला होता. त्यावर आपण फार वेळ घालवला नाहीत. क्ष-किरण इथे नसतातच. या यंत्राच्या रेडिओ लहरी सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे एफएमच्या पट्ट्याच्या थोड्या खालच्या आणि बाहेरची आकाशवाणी आत शिरू नये म्हणून खोलीला आतून तांब्याचे आवरण असते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली या पद्धतीने पहिले चित्र काढले, पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना २००३ चे नोबेल मिळाले आणि मधल्या काळात नावातला ‘न्यूक्लिअर’ हा शब्द लोकांनी घाबरू नये म्हणून गाळला गेला. तरी लोक घाबरतातच, असे आपण वर म्हणालात.

खरा धोका चुंबकाचा आणि तो चुंबक रात्रंदिवस चालू असतो, हे मात्र आपण दोनदा बजावलेत. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे घेऊन आत गेलेला एक तरुण नातेवाईक कसा दगावला, ते आपण सांगितले तेव्हा माझी पत्नी आपल्या गळ्याशी हात नेऊन बसली होती. तिची अडचण आपण तिने न सांगता ओळखलीत. एकतीस वर्षांत तिने मंगळसूत्र गळ्यातून उतरवले नव्हते. सोने चुंबकाला चिकटत नाही, पण ते तापू शकते, चित्र बिघडवते आणि फासात कोणता धातू मिसळला आहे याची खात्री नसते, हे आपण तिला नीट समजावले. मग ‘वहिनी, हळदीच्या दोऱ्यात हळकुंड बांधून घाला, सुती दोऱ्याला कुणी हरकत घेणार नाही,’ असे सांगून तो विषय आपण दोन वाक्यांत मिटवलात. जोडवी रविवारी साबणाच्या पाण्याने निघाली, त्याला अर्धा तास लागला.

पण आपले सर्वांत मोठे ऋण आहे ते श्वासाचे. पोटाच्या चित्रणात यंत्राइतकेच रुग्णाला राबावे लागते, हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. श्वासाबरोबर यकृत दोन-तीन सेंटिमीटर खालीवर सरकते, म्हणजे सव्वादोन-अडीच सेंटिमीटरची गाठ एका श्वासात आपली जागा सोडते. म्हणून प्रत्येक वेळी पंधरा ते वीस सेकंद श्वास रोखायचा, तोही भरून नव्हे तर सोडून, कारण श्वास सोडल्यावर यकृत दर वेळी जवळपास त्याच जागी येऊन थांबते. आपण तिला आरामखुर्चीत मागे टेकवले, तिचा हात तिच्याच पोटावर ठेवला आणि मला भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मोजायला सांगितलात. पहिल्या खेपेस अकरा सेकंदांत तिचे खांदे उचलले गेले. ‘सोडा पूर्ण, घाई नको, पोट आत जाऊ द्या, आता थांबा’ हे आपण इतक्या वेळा म्हणालात की, स्वयंपाकघरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या याचा हिशेब कोणाकडेच राहिला नाही आणि त्या रात्री आम्ही करपलेली डाळ खाल्ली. रविवारी रात्री ती वीसपर्यंत पोहोचली होती.

एवढा सराव कशासाठी, हे कॉन्ट्रास्टचा भाग समजल्यावर उमगले. गॅडोलिनियमचे औषध शिरेतून देतात आणि ते जिथे पोहोचते तिथली ती मुले चटकन सरळ उभी राहतात, म्हणजे तो भाग टी-वन चित्रात उजळतो. यकृताचे वैशिष्ट्य असे की, त्याला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून आणि उरलेले धमनीतून. त्यामुळे औषध दिल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने धमनीचे चित्र, मिनिटभराने पोर्टल शिरेचे आणि तीन ते पाच मिनिटांनी उशिराचे, अशी ठरलेल्या वेळांची चित्रे घेतात. कोणती गाठ केव्हा उजळते आणि केव्हा विझते, यातच तिची ओळख असते. धमनीच्या वेळी झपाट्याने उजळून नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी पडणारी गाठ डॉक्टरांना सावध करते. रक्तवाहिन्यांच्या पुंजक्याची निरुपद्रवी गाठ, म्हणजे हिमँजिओमा, आधी कडेने तुटक तुटक उजळते आणि मग सावकाश आतपर्यंत भरत जाते. धमनीचे ते चित्र श्वास सुटल्यामुळे हुकले, तर ते त्याच बैठकीत पुन्हा घेता येत नाही, कारण औषध तोवर सगळीकडे पसरलेले असते. अकरा आणि वीस सेकंदांमधला फरक एवढा मोठा होता.

गॅडोलिनियमआधी रक्तातले क्रिएटिनिन तपासा, मूत्रपिंडे कशी चालतात ते त्यावरून कळते, हेही आपणच सांगितलेत. मूत्रपिंडे फारच अशक्त असलेल्या रुग्णांत या औषधाच्या जुन्या प्रकारांमुळे त्वचा आणि ऊती घट्ट होण्याचा आजार होऊ शकतो, हे २००६ मध्ये लक्षात आल्यापासून ही खबरदारी घेतात. तिचा आकडा व्यवस्थित होता.

सोमवारी सर्जनांनी लगेच चिठ्ठी दिली. मंगळवारी सहा तासांच्या उपवासानंतर ती आत गेली, तेव्हा प्रथम तिला अननसाच्या रसाचा पेला मिळाला. आपण आधी सांगितले नसते तर मी तिथे नक्की वाद घातला असता. अननसात मँगनीज असते आणि त्यामुळे जठरातले पाणी टी-टू चित्रात काळे पडते. मग पांढरी दिसायची ती पित्ताशय आणि पित्तनलिकाच. एमआरसीपीत साठलेले पाणीच तेवढे उजळ ठेवतात, त्यामुळे खडा असेल तर त्या पांढऱ्या नळीत काळा ठिपका दिसतो. पाऊण तासाने ती बाहेर आली ती कानात हात घालतच. चुंबकक्षेत्र झटपट बदलणाऱ्या वेटोळ्यांच्या त्या ठोक्यांना ती ‘वरच्या मजल्यावर टाइल्स फोडतायत तसं’ म्हणाली. बाकी सर्व श्वास तिने धरले होते. आतल्या तंत्रज्ञ मुलीने तिला विचारले होते म्हणे, ‘काकू, तुम्ही योगा शिकवता का?’

बुधवारी मी अहवाल आणि सीडी घेऊन वर आलो, तेव्हा आपण अहवालाचे पाकीट टेबलावर पालथे ठेवलेत आणि चित्रे माझ्यापुढे सरकवलीत. ‘आधी तुम्ही सांगा.’ मणक्यातले पाणी पांढरे, म्हणजे टी-टू. त्यात यकृताच्या उजव्या, मागच्या अंगाला तो दिव्याच्या बल्बसारखा पांढरा गोळा. मग धमनीचे चित्र. गोळ्याच्या कडेला उजळ ठिपके, मध्ये अंधार. पुढच्या चित्रात ठिपके फुगून एकमेकांना भिडू लागलेले. पाच मिनिटांच्या चित्रात अंधार जवळजवळ संपलेला. तलावपाळीला दिवेलागणीच्या वेळी आधी काठाचे दिवे लागावेत आणि मग तो उजेड पाण्यावर आतपर्यंत पसरत जावा, तसे मला ते दिसले आणि मी तसे म्हणालोही. आपण काहीच न बोलता पाकीट सुलटे केलेत. हिमँजिओमा. पित्तनलिकेत खडा नाही. पित्ताशयातले खडे जसेच्या तसे.

सर्जनांनी अहवाल पाहिला आहे. गाठीला हात लावायचा नाही, पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी श्वास धरावा लागणार नाही, हे कळल्यावर तिला थोडे वाईटच वाटले असावे.

आपला पेन ड्राइव्ह माझ्याकडेच राहिला आहे, तो नातवाबरोबर पाठवतो आहे. सोबतच्या डब्यात तिने आपल्यासाठी केलेला अननसाचा शिरा आहे. तिला स्वतःला तूप वर्ज्य, म्हणून चव मी पाहिली आहे. साखर किंचित जास्त पडली आहे, मँगनीजचे आपण पाहावे.

आपला नम्र,
दुसऱ्या मजल्यावरचा सर