बाराव्या प्रकरणापाशी अडलेय

बडोदे

प्रिय सुलू,

आठ महिन्यांत फोनवर 'जेवलीस का?' एवढंच बोललो. शिव्या नंतर घाल, आधी हे वाच. गुडघा तसाच आहे, साखर बरी.

मी कादंबरी लिहिलीय. हसू नकोस. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसाठी, प्रेमाची. नायिका तू आहेस (नाक जरा सरळ केलंय), आणि नायक तोच, सेंट्रल लायब्ररीतला.

परवा पुतणीला वाचायला दिली. दोन दिवसांत संपवून, पोह्यांतले शेंगदाणे वेचत म्हणते, "काकू, बधा बहु स्वीट छे, पण थाय छे शुं?" सगळे गोड आहेत, पण घडतं काय?

खरंच गं, झालं काय होतं? १९८७ चा उन्हाळा. तू वरच्या मजल्यावर, काचेच्या जमिनीवर. खालच्या रॅकपाशी उभ्या त्याला त्या काचेतून फक्त तुझ्या चपलांच्या सावल्या दिसायच्या. तुझ्या एका चपलेचा अंगठा तुटलेला, त्यामुळे एक पाऊल घासत यायचं. तेवढ्यावरून तो ओळखायचा. चार महिन्यांत तीन वाक्यं, आणि मग त्याच्या वडिलांची बदली. एवढ्यावर मी दोनशे पानं लिहिली!

पुतणीचा उपाय तयार होता: "दोघांना खोटं खोटं प्रेम करायला लाव." वर जेनी हानची २०१४ ची 'टू ऑल द बॉइज' हातात ठेवली. लारा जीन नावाची मुलगी आवडलेल्या पाच मुलांना पत्रं लिहून हॅटच्या डब्यात ठेवते, ती एक दिवस पोस्टात पडतात, आणि अब्रू वाचवायला त्यातल्याच एकाशी लुटुपुटीचं जमवते. बाकी केक, बिस्किटं, बहिणींची भांडणं. कथानक बसच्या तिकिटामागे मावेल. तरी रात्री दोनपर्यंत दिवा चालू! आई गेलेली, थोरली बहीण स्कॉटलंडला शिकायला, आणि ही मधली घर सांभाळायला बघतेय. मला तर त्या घरातून उठवेना.

म्हणजे तू म्हणायचीस तेच: माणसं आवडली की गोष्ट पुरते. मी तेव्हा कथानक हवंच म्हणून ना. सी. फडक्यांचं लेखनतंत्रावरचं 'प्रतिभासाधन' तोंडावर फेकायचे. फुगू नकोस, निम्मंच बरोबर होतं तुझं. लारा जीन गोड आहे, पण भित्रीही आहे. खऱ्या प्रेमाला घाबरते म्हणून तर पत्रं डब्यात ठेवते. तिची भीतीच गोष्ट पुढे ढकलते. माझी नायिका कशालाच घाबरत नाही, कुणावर चिडत नाही. तुझी डायरी वाचली म्हणून तीन आठवडे अबोला धरून तू माझ्या समोरून डबा उचलून पलीकडच्या बाकावर जायचीस, ती सुलू मी गाळलीय. मला वाटलं, तुला वाईट वाटेल. खरं सांगू? त्या प्रसंगात मीच वाईट दिसते.

भाऊजींचा मोतीबिंदू झाला का? नातवाचे दात? पुण्यात पाणी येतं का रोज? सगळं कळव.

आता मुद्द्याचं. जुलैत त्याने परत केलेलं पुस्तक तू लगेच आपल्या नावावर घेतलंस. पायरीवर उघडलंस, झटकन मिटलंस. मी विचारलं तर म्हणालीस, "बसचं तिकीट होतं." बस कुठली गं? तो तर सायकलवरून यायचा. छत्तीसच्या वर वर्षं मी गप्प बसले, कारण डायरीनंतर विचारायची सोय उरली नव्हती.

काय होतं त्यात? सांगणार नसशील तर बारावं प्रकरण तिकिटावरच संपवते.

तुझी,
शमा